घर्मग्रंथींचे कर्करोग : रोग विरळा, चुका नेहमीच्या

उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगावरून घामाच्या धारा वाहू लागतात, तेव्हा त्याची त्वचा एक अत्यंत महत्त्वाचे काम पार पाडीत असते. घामाचे बाष्प होताना शरीरातील उष्णता खर्च होते आणि शरीराचे तापमान मर्यादेत राहते. एक लिटर घामाचे बाष्पीभवन झाले, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर टाकली जाते. ही व्यवस्था नसती, तर विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शेतात काम करणे माणसाला अशक्य झाले असते.

हा घाम तयार करणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी मानवी त्वचेत सुमारे वीस ते चाळीस लाखांच्या संख्येने विखुरलेल्या असतात. एवढ्या प्रचंड संख्येने असलेल्या आणि जन्मभर अविश्रांत काम करणाऱ्या या ग्रंथींना कर्करोग मात्र क्वचितच होतो. अमेरिकेतील नोंदींनुसार त्वचेच्या सर्व उपांगांचे, म्हणजे घर्मग्रंथी, तैलग्रंथी व केशमुळे यांचे कर्करोग एकत्र मोजले, तरी दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे पाच रुग्ण आढळतात. त्यामुळे अनेक डॉक्टरांच्या उभ्या आयुष्यात असा एखादाच रुग्ण येतो, तर कित्येकांच्या वाट्याला तोही येत नाही.

रोग इतका विरळा असेल, तर सामान्य वाचकाने त्याची माहिती कशासाठी करून घ्यावी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर असे की, हा रोग विरळा असला तरी त्याच्या बाबतीत होणाऱ्या चुका मुळीच विरळ्या नाहीत. न दुखणारी गाठ वर्षानुवर्षे अंगावर काढणे, कुरूप समजून ती पात्याने खरवडणे, काढलेला तुकडा तपासणीला न पाठविता फेकून देणे, या गोष्टी गावोगावी आणि शहरांतूनही घडतात. वेळीच ओळखला गेल्यास लहानशा शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा रोग अशा चुकांमुळे प्राणावर बेततो.

घर्मग्रंथींचे दोन प्रकार

झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८३३ साली घर्मग्रंथींचे वर्णन केले. या ग्रंथी मुख्यत्वे दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या ग्रंथींना एक्राइन ग्रंथी म्हणतात. त्या जवळजवळ सर्वांगावर असून तळहात, तळपाय व कपाळ येथे विशेष दाट असतात. अंतस्त्वचेच्या खोल भागात दोऱ्याच्या गुंडाळीसारखी वेटोळी झालेली नळी, तेथून वर येणारी वाहिनी आणि बाह्यत्वचेतून मळसूत्रासारखे वळण घेत पृष्ठभागावर उघडणारे छिद्र, अशी त्यांची रचना असते. शरीर थंड ठेवण्याचे काम याच ग्रंथी करतात.

दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना ॲपोक्राइन ग्रंथी असे नाव आहे. त्या काखा, जांघा, जननेंद्रियांचा परिसर व स्तनाग्रांभोवतीचा भाग येथे असतात आणि वयात आल्यानंतरच कार्य करू लागतात. त्यांचा स्राव दाटसर असतो. कानातील मळ तयार करणाऱ्या आणि पापणीच्या कडेला असणाऱ्या काही ग्रंथी याच जातीच्या होत.

या रचनेचा कोणताही भाग, मग ती खोलवरची गुंडाळी असो, मधली वाहिनी असो वा वरचे छिद्र असो, अर्बुदाचे मूळ ठरू शकतो. म्हणूनच घर्मग्रंथींच्या कर्करोगांची संख्या थोडी असली तरी त्यांचे प्रकार पुष्कळ आहेत. या अर्बुदांपैकी बहुसंख्य सौम्य असतात. ती हळूहळू वाढतात आणि शरीरात अन्यत्र पसरत नाहीत. मारक, म्हणजे कर्करोगाच्या स्वरूपाची, अर्बुदे त्या मानाने फारच थोडी असतात.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पुष्कळ घाम येणे हे कर्करोगाचे कारण नव्हे. उन्हाळ्यात उठणारे घामोळे घामाची छिद्रे बुजल्यामुळे येते. ती कर्करोगाची पूर्वावस्था नव्हे. हा रोग संसर्गजन्यही नाही. रुग्णाच्या कपड्यांमुळे वा स्पर्शामुळे तो दुसऱ्यास होत नाही.

कुरुपासारखी दिसणारी गाठ

घामाच्या छिद्राच्या परिसरात उद्भवणाऱ्या सौम्य अर्बुदास पोरोमा म्हणतात. छिद्र वा मार्ग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. त्याचे वर्णन १९५६ साली प्रसिद्ध झाले. बहुधा तळपायावर वा पावलाच्या कडेला लालसर, मऊ, सहज रक्त येणारी छोटी गाठ असे त्याचे स्वरूप असते. याच जातीच्या कर्करोगाचे वर्णन पिंकस व मेहरेगन या शास्त्रज्ञांनी १९६३ साली केले आणि पुढे १९६९ साली जपानी संशोधकांनी त्यास पोरोकार्सिनोमा हे नाव दिले. घर्मग्रंथींच्या कर्करोगांपैकी तुलनेने अधिक आढळणारा हा प्रकार होय.

हा कर्करोग बहुधा साठी उलटलेल्या स्त्री-पुरुषांना होतो. पाय, पावले, तसेच डोके व मान ही त्याची नेहमीची ठिकाणे. कित्येकदा वर्षानुवर्षे निरुपद्रवी असलेल्या जुन्या पोरोमातूनच तो उत्पन्न होतो. इतकी वर्षे जशीच्या तशी राहिलेली गाठ काही महिन्यांतच वाढू लागणे, तिच्यातून रक्त येणे, ती चिघळणे वा दुखू लागणे, ही या बदलाची खूण समजली जाते.

निरनिराळ्या अहवालांचा एकत्र विचार करता असे दिसते की, शस्त्रक्रियेनंतर सुमारे एक पंचमांश रुग्णांत हा रोग त्याच जागी पुन्हा उद्भवतो, जवळजवळ तितक्याच रुग्णांत तो जवळच्या लसीका ग्रंथींत पोहोचतो आणि सुमारे एक दशांश रुग्णांत फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवांत पसरतो. पायावर अशी गाठ असताना जांघेत अवधाण आले, तर ते केवळ चालण्याच्या श्रमाने आले असे मानून चालणार नाही. रोग लसीका ग्रंथींपर्यंत गेला की तो बरा होण्याची शक्यता पुष्कळच कमी होते.

चेहऱ्यावरील फसवा कठीणपणा

दुसरा एक प्रकार याहूनही फसवा आहे. मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा असे लांबलचक नाव असलेल्या या कर्करोगाचे स्वतंत्र वर्णन १९८२ साली प्रथम करण्यात आले. तो प्रामुख्याने चेहऱ्यावर, विशेषतः वरच्या ओठाच्या परिसरात होतो. त्वचेच्या रंगाचा किंवा पिवळसर, व्रणासारखा कठीण चट्टा एवढेच त्याचे बाह्य रूप असते. तो दुखत नाही, क्वचितच चिघळतो आणि इतका सावकाश वाढतो की रुग्णाला त्याची सवय होऊन जाते.

वरून नखाएवढा दिसणारा हा चट्टा आत मात्र मुळांसारखा दूरवर पसरलेला असतो. मज्जातंतूंच्या भोवताली शिरण्याची त्याला खोड असते. त्यामुळे त्या जागी बधिरपणा, मुंग्या वा जळजळ जाणवू शकते. तो दूरच्या अवयवांत क्वचितच पसरतो. तथापि अपुरी शस्त्रक्रिया झाल्यास पुनःपुन्हा उद्भवून चेहरा विद्रूप करतो. पूर्वी अन्य कारणासाठी चेहऱ्यावर किरणोपचार झालेल्या काही रुग्णांत तो आढळला आहे.

बोटांवरील गाठ आणि न हटणारी खाज

हाताच्या वा पायाच्या बोटावर, बहुधा टोकाकडे, होणाऱ्या एका घर्मग्रंथी-कर्करोगास डिजिटल पॅपिलरी ॲडिनोकार्सिनोमा म्हणतात. मध्यमवयीन पुरुषांत तो अधिक आढळतो. न दुखणारी, पाणी भरल्यासारखी गाठ पाहून ती साधी पुटी असावी असा समज होतो. परंतु हा रोग काही वर्षांनंतरही फुप्फुसात पसरू शकतो. म्हणून अशा रुग्णांवर दीर्घकाळ नजर ठेवावी लागते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या अर्बुदांमध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूचा ४२ क्रमांकाचा प्रकार आढळला.

गुह्यांगांच्या व जांघांच्या परिसरात होणाऱ्या पॅजेट रोगाचा उल्लेखही येथे करावयास हवा. लंडनचे सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली स्तनाग्रावरील अशाच रोगाचे वर्णन केले. पुढे १८८९ साली क्रॉकर यांनी तो पुरुषाच्या जननेंद्रियांच्या त्वचेवरही होतो हे दाखवून दिले. ॲपोक्राइन ग्रंथी असलेल्या भागांतच तो प्रामुख्याने होतो. लाल, ओलसर, खाजणारा चट्टा असे त्याचे स्वरूप असल्यामुळे गजकर्ण किंवा इसब समजून महिनोन्महिने, कधीकधी वर्षानुवर्षे मलमे लावली जातात. भागच असा की रुग्ण, विशेषतः वयस्क स्त्रिया, संकोचापोटी डॉक्टरांना दाखवीत नाहीत. काही रुग्णांत या चट्ट्याबरोबर गुदाशय वा मूत्राशयाचा कर्करोगही असू शकतो. म्हणून उतारवयात या भागातील चट्टा योग्य उपचारांनंतरही काही आठवड्यांत बरा झाला नाही, तर त्याची बायोप्सी करून घेणे श्रेयस्कर ठरते.

याखेरीज पापणीच्या आसपास होणारा, बुळबुळीत द्रव्याने भरलेला म्युसिनस कर्करोग आणि आणखीही काही प्रकार आहेत. काही कुटुंबांत टाळूवर अनेक सौम्य गाठी येतात. सी-वाय-एल-डी या जनुकातील दोष हे त्याचे कारण असल्याचे २००० साली सिद्ध झाले. अशा एखाद्या गाठीचे कर्करोगात रूपांतर क्वचित होऊ शकते. म्हणून त्या व्यक्तींनी ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी.

निदान कसे होते?

घर्मग्रंथींचा कर्करोग केवळ डोळ्यांनी पाहून निश्चित ओळखता येत नाही. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञासही शंका घेता येते, निर्णय देता येत नाही. तो निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. गाठीचा तुकडा किंवा ती संपूर्ण गाठ काढून फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवली जाते. नंतर मेणात बसवून तिचे अतिशय पातळ काप घेतले जातात, ते रंगविले जातात आणि विकृतिशास्त्रज्ञ त्यांचे परीक्षण करतात.

येथे आणखी एक अडचण असते. स्तन किंवा अन्य अवयवाचा कर्करोग पसरून त्वचेत आला, तर तोही घर्मग्रंथीच्या कर्करोगासारखाच दिसतो. स्तनग्रंथी ही उत्क्रांतीच्या दृष्टीने घर्मग्रंथींचीच नातलग मानली जात असल्याने हे साम्य आश्चर्यकारक नाही. रोग त्वचेतच उगम पावला की बाहेरून आला, यावर सर्व उपचार अवलंबून असतात. त्यासाठी विशिष्ट प्रथिने ओळखणाऱ्या रंजक चाचण्या आणि आवश्यकतेनुसार स्तन, पोट व छाती यांची तपासणी करावी लागते.

या विवरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शरीरावरून काढलेली गाठ कितीही क्षुल्लक वाटली, तरी तपासणीपूर्वी फेकून दिली, तर रोगाचा एकमेव पुरावाच नष्ट होतो. काही महिन्यांनी गाठ पुन्हा उद्भवते, तेव्हा पहिली गाठ कशाची होती हे कोणीच सांगू शकत नाही. आम्लाने जाळलेल्या वा डाग दिलेल्या गाठीची गतही तीच होते.

उपचारांची दिशा

शस्त्रक्रिया हाच या कर्करोगांवरील मुख्य उपचार होय. गाठीबरोबर तिच्या सभोवारची काही निरोगी त्वचाही काढली जाते आणि काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत ना, याची खात्री करून घेतली जाते. चेहऱ्यासारख्या नाजूक ठिकाणी मोह्‌स पद्धतीची शस्त्रक्रिया विशेष उपयुक्त ठरते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील डॉ. फ्रेडरिक मोह्‌स यांनी १९३० नंतरच्या दशकात ती विकसित केली. तीत त्वचेचा एकेक पातळ थर काढून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि ज्या बाजूस रोगाचा अंश दिसेल त्याच बाजूस पुढचा थर काढतात. त्यामुळे रोग शिल्लक राहत नाही आणि निरोगी त्वचाही विनाकारण गमवावी लागत नाही.

आवश्यक वाटल्यास जवळच्या लसीका ग्रंथी तपासल्या जातात. रोग पुन्हा होण्याचा संभव अधिक असेल, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार देण्यात येतात. दूरवर पसरलेल्या रोगात केमोथेरपीची औषधे वापरली जातात. मात्र त्यांचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. रुग्णसंख्या अत्यल्प असल्याने दोन उपचारांची मोठ्या प्रमाणावर तुलना करणारे प्रयोग या रोगांत होऊ शकलेले नाहीत. उपचाराची दिशा बहुतांशी जगभर प्रसिद्ध झालेल्या एकेका रुग्णाच्या वृत्तांतांवरून ठरते.

हे चित्र हळूहळू पालटत आहे. जपानमधील संशोधकांनी २०१९ साली असे दाखविले की, पोरोमा व पोरोकार्सिनोमा यांच्या अनेक नमुन्यांत ‘याप-१’ नावाचे जनुक दुसऱ्या जनुकाशी चुकीच्या रीतीने जोडले गेलेले असते. अशा ज्ञानाचा पहिला लाभ अचूक निदानास होतो आणि पुढे त्यातूनच नेमकी औषधे शोधण्याचा मार्ग खुला होऊ शकतो.

नोंदींचे महत्त्व

विरळ रोगांचे ज्ञान नोंदींतूनच साकारते. या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा अभिमानास्पद आहे. लोकसंख्येवर आधारित अशी देशातील पहिली कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. खेड्यांसाठी तशी पहिली नोंदणी १९८७ साली बार्शी येथे सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावांतून कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन रुग्णांचा शोध घेतला आणि ग्रामीण भागातील कर्करोगाचे चित्र प्रथमच आकड्यांत उभे राहिले. ज्या गाठीची तपासणीच झाली नाही, तिची नोंद मात्र अशा कोणत्याही वहीत होऊ शकत नाही. प्रत्येक बायोप्सीचे मोल त्या एका रुग्णापुरते मर्यादित नसते, ते असे.

उपचारांची सोय

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालापासून कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करीत आहे. या संस्थेच्या समन्वयाने २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग ग्रिड स्थापन झाले. देशभरातील कर्करोग केंद्रे त्याद्वारे एकमेकांशी जोडली गेली असून अवघड रुग्णांबाबत तज्ज्ञांचा विचारविनिमय त्यामुळे सुलभ झाला आहे. आयुष्यात एखाद्याच वेळी दिसणाऱ्या रोगाच्या बाबतीत अशा सामूहिक अनुभवाचा आधार फार मोलाचा ठरतो.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग, शल्यचिकित्सा व विकृतिशास्त्र हे तिन्ही विभाग असतात. त्यामुळे संशयास्पद गाठीची तपासणी तेथे होऊ शकते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची चिठ्ठी घेऊन तेथे जाणे सोयीचे पडते. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे. योजनेशी संलग्न रुग्णालयांतील आरोग्यमित्रांकडून कागदपत्रांविषयी माहिती मिळू शकते.

नागरिकांनी काय करावे?

त्वचेवरील प्रत्येक गाठ कर्करोगाची असते, असा धसका कोणीही घेऊ नये. बहुतेक गाठी निरुपद्रवीच असतात. भारतीयांत एकूण त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाणही कमी आहे. परंतु पुढील गोष्टी दिसल्यास डॉक्टरांना दाखविण्यात दिरंगाई करू नये.

जुनी गाठ अचानक वाढू लागणे; तिच्यातून वारंवार रक्त वा पाणी येणे; महिनाभरात न भरणारी जखम; चेहऱ्यावरील कठीण चट्टा व त्या जागी बधिरपणा; औषधाने न हटणारा जांघेतील वा गुह्यांगावरील खाजणारा चट्टा; एकदा काढलेली गाठ त्याच जागी पुन्हा येणे; आणि गाठीबरोबर जांघेत, काखेत वा मानेत अवधाण येणे.

मूत्रपिंड प्रत्यारोपणासारख्या शस्त्रक्रियेनंतर प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी आपल्या त्वचेची अधिक काळजीपूर्वक पाहणी करावी, कारण त्यांच्यात अशा कर्करोगांचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. अनवाणी वा चिखलात काम करणाऱ्या वडीलधाऱ्यांचे तळपाय घरातील तरुणांनी अधूनमधून पाहावेत. वाकून आपला तळवा पाहणे वृद्धांना जमत नाही आणि दुखत नाही ते कोणाला सांगण्याची त्यांना सवय नसते.

कुरूप वा चामखीळ समजून कोणतीही गाठ पात्याने कापू नये, चुना वा आम्ल लावून जाळू नये. डॉक्टरांनी गाठ काढल्यास ती तपासणीसाठी पाठविली आहे काय, हे विनासंकोच विचारावे. तपासणीचा अहवाल स्वतः जाऊन आणावा, तो डॉक्टरांना दाखवावा आणि घरातील महत्त्वाच्या कागदांबरोबर जपून ठेवावा. मोठ्या रुग्णालयात जाण्याची वेळ आल्यास मेणात बसविलेला नमुना व काचपट्ट्या मूळ प्रयोगशाळेतून मागून सोबत न्याव्यात. त्यामुळे तेथील तज्ज्ञांना फेरतपासणी करता येते आणि रुग्णाचा मोलाचा वेळ वाचतो.